बाजीरावच्या पिकअपमधला जळका वास

माझ्या नाकाबद्दल आधीच सांगून ठेवतो. दिसायला साधं आहे, पण कामाला एक नंबर! आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये कुणाची मोहरी करपली, कुणाचं दूध लागलं, कोण इस्त्री कपड्यावर ठेवून गॅलरीत गप्पा मारतंय, हे मी जिन्यात उभा राहून मजल्यासकट सांगतो. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा कुकर जळायच्या आधीच मी बेल वाजवली होती. तेव्हापासून त्या बाई माझ्याशी जपून बोलतात.

असं नाक असलेला माणूस जळक्या वासाच्या गाडीत बसून दहा-बारा किलोमीटर गेला आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही, ती ही हकीकत आहे.

मला कीर्तनाचं वेड आहे. ऑफिसातल्या लोकांना क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात, मला कुठल्या बुवांनी कुठल्या देवळात कुठलं आख्यान लावलं ते पाठ. पूर्वरंग चालू असताना कुणी शेंगा सोलल्या तर मला त्याच्या सात पिढ्यांची काळजी वाटते. म्हणून सोसायटीच्या हनुमान जयंतीला कीर्तनच ठेवायचं, हा हट्ट माझा. शहाण्णव साली मात्र तो हट्ट धोक्यात आला. कारण आदल्या वर्षी कीर्तनाला सतरा माणसं होती. त्यात मांडववाला, त्याचे दोन गडी आणि पत्ता विचारायला आलेला एक कुरियरवाला धरला आहे.

"सतरा!" कमिटीच्या मीटिंगमध्ये मधुकर म्हणाला. हा आमचा सांस्कृतिक सेक्रेटरी. त्याला ऑर्केस्ट्रा हवा होता. "ऑर्केस्ट्रा ठेवा, सतराशे जमवतो!"

"मोजायचा प्रश्नच नाही, कीर्तन हे मोजायचं..." मी सुरू केलं.

"मोजायचं," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या आमच्या चेअरमन, निवृत्त हेडमिस्ट्रेस. त्यांनी एकदा चष्मा काढला की विषय संपला. त्यांनी चष्मा काढला. "यंदा कीर्तन होऊ दे. शंभर माणसं जमली तर पुढेही कीर्तन. नव्व्याण्णव झाली तरी ऑर्केस्ट्रा. आणि साडेसहा म्हणजे साडेसहा! गेल्या वर्षी तुमचे बुवा साडेआठला आले. लोक जेवायला निघून गेले."

"यंदा बुवांना मी स्वतः आणतो," मी म्हणालो. "सहालाच मांडवात उभे करतो. घड्याळं लावून घ्या!"

माझी योजना अशी होती. अभिरामबुवांचं आदल्या रात्री माझगावात कीर्तन होतं. तिथून भाऊचा धक्का हाकेवर. बुवांनी लाँच धरायची, तीनला उरणच्या मोरा बंदरात उतरायचं. मी न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे कामाला. आमच्या ऑफिसचा माल वाहणारा बाजीराव रोज दुपारी पिकअप रिकामी घेऊन नेरूळवरूनच दिघ्याला घरी जातो. त्याच्याच गाडीतून मी बुवांना घेऊन यायचं. ना ट्रॅफिक, ना रिक्षाची घासाघीस! जयमालेला, म्हणजे आमच्या हिला, मी ही योजना कागदावर नकाशा काढून समजावली. ती म्हणाली, "टॅक्सी नाही का मिळत?" बायकांना योजनेतलं सौंदर्य दिसत नाही.

लाँच वेळेवर आली. बुवा उतरले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, एका हातात पगडीचा डबा आणि दुसऱ्या हातात बंदाची जाड कापडी पिशवी. पिशवी मी पुढे होऊन घेतली आणि खांद्यातून कळ आली.

"जपून," बुवा म्हणाले. "आत मारुतीराय आहेत. पितळेचे. शिवाय समई, झांजा आणि पोथ्या."

आता प्रश्न आला पिशवी ठेवायची कुठे. पिकअपच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं. बाजीराव स्टिअरिंगला, मी मध्ये, बुवा खिडकीशी. पायाशी जागा होती, पण पायाशी देव आणि पोथ्या ठेवायच्या? माझे पाय झडले नसते? मांडीवर घ्यावी तर मांडीवर पगडीचा डबा होता आणि पगडी चेपली तर कीर्तन कसलं! मागे हौद्यात ठेवावी तर तिथे सकाळीच कुणाची तरी सुकट वाहिली होती. मारुतीरायांना सुकटीत बसवणं माझ्याच्यानं होईना.

"त्या दांड्याला अडकवा की, सायेब," बाजीराव म्हणाला. बाजीराव कऱ्हाडकडचा, माणूस मोठा मोकळा. त्याने डॅशबोर्डखालची एक दांडी दाखवली. छत्रीच्या मुठीसारखी वाकडी, अगदी पिशवी अडकवायलाच केल्यासारखी.

"कसली दांडी आहे ही?"

"हँडब्रेक. दोन वरसं झाली, मेलाय त्यो. मी आपला चाकाला दगूड लावतो." त्याने सीटखालून काळाभोर दगड काढून दाखवला. "कऱ्हाडचा हाय. हितला दगूड सरकतो."

मी पिशवीला नमस्कार केला, दांडीला अडकवली आणि आम्ही निघालो. पावणेचारला उरण मागे पडलं. रस्त्यावर खड्डे होते, पण बुवा एक जुनी चाल गुणगुणत होते आणि मी मांडीवर ठेका धरला होता. एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. जयमाला हे वाचणार नाही असं धरून चाललो आहे.

तेवढ्यात वास आला.

"बाजीराव, थांबा!" मी म्हणालो. "वायरिंग जळतंय."

"कशावरनं?"

"माझं नाक आहे!"

बाजीरावने गाडी कडेला घेतली, कऱ्हाडचा दगड चाकाला लावला आणि बॉनेट उघडलं. मी अदबीने पिशवी काढून छातीशी धरून खाली उतरलो. देवांना जळत्या गाडीत ठेवून आपण तेवढं बाहेर पडायचं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. वायरी सगळ्या थंडगार होत्या. पण माझ्या नाकावर विश्वास ठेवून बाजीरावने टेपची वायर काढली आणि हॉर्नचीही काढली. मी पिशवी परत दांडीला अडकवली. निघालो.

पाच मिनिटांत वास दुप्पट!

"खोबरं जळल्यासारखा वाटतोय," बुवा म्हणाले. "होमात नारळ टाकला की येतो, तसा."

"रबर आहे हे," मी म्हणालो. "परवा यार्डात एक कंटेनर तापला होता, सेम टु सेम! किंवा मग क्लच. बाजीराव, तुमचा पाय सारखा क्लचवर तर नसतो?"

बाजीरावने माझ्याकडे असं पाहिलं की मी बुवांच्या बाजूला सरकलो. "सायेब, बावीस वरसं गाडी मारतोय. माझ्या बायकूनं बी माझ्या पायाचं नाव काढलं न्हाई अजून!"

पुन्हा थांबलो. पुन्हा दगड. पुन्हा मी पिशवीसकट खाली. या वेळी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. ते बुवांचं प्यायचं पाणी होतं. रेडिएटर आधीच भरलेला असल्यामुळे ते सगळं बाजीरावच्या चपलांवर आलं.

पुढे गाडी ओढेनाशी झाली. बाजीरावने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन डरकाळ्या फोडायचं आणि गाडी मात्र नव्या सुनेसारखी पाऊल मोजत चालायची. कंटेनरचे ट्रेलर आम्हाला ओलांडून गेले. मग टेम्पो गेले. मग मिठाची पोती लादलेला एक सायकलवाला शेजारून गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, तुमचा कायतरी जलतंय हां!"

"माहीत आहे!" आम्ही तिघंही ओरडलो.

त्यातच एक म्हैस आडवी आली. बाजीरावने हॉर्न दाबला. हॉर्नची वायर माझ्या नाकाच्या शब्दाखातर काढलेली! म्हैस ढिम्म. तेव्हा बुवांनी शांतपणे पिशवीतून झांजा काढल्या, खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि असा काही दणका दिला की म्हैस, तिच्या मागची दोन रेडकं आणि समोरून येणारा ट्रेलर, सगळे एकदम बाजूला झाले. तिथून पुढे दर वळणावर बुवाच झांजा वाजवत होते. धूर सोडणारी, झांजा वाजवणारी, बैलगाडीच्या चालीने जाणारी गाडी पाहून रस्त्याकडेची माणसं हात जोडायला लागली. दोघांनी तर हौद्यात नाणी टाकली.

मला एक गोष्ट दिसत होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. उरणला डॅशबोर्डाला टेकलेली पिशवी आता माझ्या गुडघ्यापर्यंत आली होती. मला वाटलं, देवांच्या भाराने बंद ताणला असेल. मी गुडघा खाली घेतला, देवांना लागू नये म्हणून.

जासईला पोचलो तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते आणि धूर आता मागच्या चाकांतून येत होता. रस्त्याला लागून एक गॅरेज होतं आणि गॅरेजशेजारी एसटीडी बूथ. मी धावत बूथमध्ये शिरलो आणि घरी फोन लावला.

"हे बघ, घाबरू नकोस," मी जयमालेला म्हणालो. माणसाला घाबरवायचं असेल तर याहून चांगली सुरुवात नाही. "गाडीतून जळका वास येतोय. थोडा उशीर होईल. सुमित्राबाईंना सांग, लोकांना धरून ठेवा."

"वास कसला? तुम्ही कुठे आहात? बुवा कसे आहेत?"

"बुवा बरे आहेत, झांजा वाजवतायत!" एवढं सांगून मी फोन ठेवला, कारण मागे दोन ड्रायव्हर रांगेत होते.

बाहेर गॅरेजवाला पंढरी कमरेवर हात ठेवून उभा होता. जासईचाच माणूस, शांत. त्याला मी माझी सगळी निदानं क्रमाने सांगितली. वायरिंग, रबर, क्लच, रेडिएटर. त्याने ती तितक्याच क्रमाने कानाआड केली.

"गारी न्यूट्रलला टाका नि ढकला," तो म्हणाला.

बाजीरावने दगड काढला. आम्ही ढकलायला लागलो. बुवांनीही उपरणं कमरेला बांधून हात लावला. मी एका हाताने ढकलत होतो, दुसऱ्या हातात देवांची पिशवी होती. गाडी तसूभर हलली नाही.

पंढरीने मागच्या चाकाजवळ जाऊन ड्रमवर थोडं पाणी शिंपडलं. चर्र झालं. तव्यावर घावन घालताना होतं, तसं.

"हँडब्रेक लावलाय तुमी," पंढरी म्हणाला.

"काय बोलतोस!" बाजीराव म्हणाला. "त्यो दोन वरसं मेलेला हाय!"

"मंग पासिंग कशी झाली गारीची?"

बाजीरावचा चेहरा हळूहळू कऱ्हाडच्या दगडासारखा झाला. गेल्याच आठवड्यात गाडीचं आरटीओचं पासिंग होतं. पासिंगला ब्रेक तपासतात म्हणून एजंटाने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडून हँडब्रेकला नवी केबल टाकून घेतली होती. गाडी पास झाली. बाजीरावने आनंदाने पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दगड लावायला लागला. इतकी सवय!

पंढरीने केबिनमध्ये डोकं घातलं. दांडी वीतभर बाहेर आलेली होती. "हितं काय टांगला व्हता?"

मी पिशवी पुढे केली. "देव."

पंढरीने पिशवी हातात घेऊन तोलली. "सात-आठ किलो हाय. दर खड्ड्याला दांडी एक एक दाता भायेर येत ग्येली. ब्रेक जरा जरा लागत ग्येला. नि तुमी वरशी रेस देताय!" त्याने पिशवी परत दिली, हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "शेट, देव बिचारा उरनपासून सांगतंय, थांबा, थांबा. तुमी आयकत नाय."

मग मला सगळं उलगडलं. मी दर वेळी उतरताना पिशवी काढायचो, पण दांडी जिथवर आली तिथेच राहायची. आणि परत बसलो की मी भक्तिभावाने तिथूनच पुढे काम चालू करायचो! गाडी थांबवत होता तो मी, आणि गाडी का थांबते हे हुंगत होता तोही मीच!

पंढरीने दांडी पिळून आत ढकलली. "आता निघू?" मी विचारलं.

"अर्धा तास थांबा. ड्रम निवू द्या. नि त्यावर बदाबदा पानी टाकू नका, फुटंल."

मी हातातली बादली खाली ठेवली.

तो अर्धा तास फार लांबला. बाजीराव मला "पायाशी ठिवली असती तर काय झालं असतं?" असं दर पाच मिनिटांनी विचारत होता आणि मी "दांड्याला अडकवा कोण म्हणालं?" असं दर पाच मिनिटांनी उत्तर देत होतो. बुवा चहा पीत आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. मला वाटलं, रागावले. साडेसहा तिथेच वाजले. मी मनात ऑर्केस्ट्राचा ड्रम ऐकला.

इकडे सोसायटीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मी जयमालेला सांगितलं, वास येतोय. जयमालेने सुमित्राबाईंना सांगितलं, गाडीतून धूर येतोय, हे काही धड बोलत नव्हते. सुमित्राबाईंनी मधुकरला सांगितलं, गाडीने पेट घेतला असावा. आणि मधुकर माइकवर गेला! "एक दुःखद सूचना. आपल्या कीर्तनकारबुवांच्या गाडीला वाटेत आग लागली आहे. बुवांनी शेवटपर्यंत झांजा वाजवल्या असं कळतं."

आम्ही साडेसातला पोचलो, तर रस्त्यावर ही गर्दी! कीर्तनाचं नाव काढलं की ज्यांना डोकेदुखी व्हायची ते सगळे खाली उतरले होते. शेजारच्या तीन सोसायट्या आल्या होत्या. कुणी वाळूच्या लाल बादल्या आणल्या होत्या. पाण्याच्या टँकरवाल्याला थांबवून ठेवला होता. बाजीरावची पिकअप वळणावर दिसली, आतून झांजा वाजल्या आणि गर्दीतून एकच हुंदका उठला.

जयमाला धावत आली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहीच झालं नाही?"

"नाही."

"कुठे भाजलं वगैरे?"

"नाही गं."

"मग इतका वेळ होतात कुठे?" असं म्हणून तिने हातातली बर्नॉलची ट्यूब माझ्या खिशात कोंबली आणि डोळे पुसले.

पण गर्दी मात्र निराश झाली. स्पष्ट सांगायचं तर लोकांचा विरस झाला. "काय झालंच नाय यार," असं कुणीतरी म्हणालं. बादल्या उचलल्या गेल्या. टँकर सुरू झाला. मागची रांग हलली, तिच्या पुढची हलली. सुमित्राबाई मांडवाच्या तोंडाशी चष्मा काढून उभ्या होत्या आणि मांडवात बसलेली माणसं मी नजरेने मोजली. चौदा! गेल्या वर्षीपेक्षा तीन कमी.

मधुकर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका. ऑर्केस्ट्रात एक भक्तिगीत ठेवू तुमच्यासाठी."

तेवढ्यात बुवा पिकअपच्या हौद्यात चढले! सुकटीची पर्वा केली नाही. पगडी डोक्यावर ठेवली, झांज दणकून वाजवली आणि मधुकरच्या हातातला माइक मागून घेतला.

"मंडळी, जाऊ नका! गाडी का पेटली ते ऐकून जा. कारण तुमची-माझी गाडीही त्याच कारणानं पेटते आहे!"

गर्दी थांबली. भांडण आणि अपघात यांचं कारण ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणी घरी जात नाही.

बुवांनी पूर्वरंग तिथेच उभारला. माणसाला देवाकडे जायची फार घाई असते, म्हणाले. तो सगळं जोर लावून निघतो. पण निघताना एका हातानं ब्रेक ओढून ठेवतो. मग वास येतो, मग धूर येतो, आणि हा शहाणा वायरिंग तपासतो! "असेच एक गृहस्थ होते," बुवा म्हणाले. "नाव सांगत नाही." आणि माझ्याकडे बघून दिलखुलास हसले. चारशे माना वळल्या.

मग सगळं आलं. नाक आलं, म्हैस आली, बाजीरावच्या चपला आल्या. एका हातात देव आणि दुसऱ्या हातानं गाडी ढकलणारा मी तर बुवांनी साभिनय करून दाखवला. लोक मांडवात आत येऊन बसले, मांडव भरला, तेव्हा रस्त्यावर बसले. सुमित्राबाई हसता हसता मोजायचं विसरल्या आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. तीनशे ब्याण्णव! उत्तररंगात मारुतीरायांचं आख्यान लागलं तेव्हा तीच माणसं एकदम शांत बसून डोळे पुसत होती. मीही पुसत होतो. असं कीर्तन मी आयुष्यात ऐकलं नाही. ब्रेकचा भाग सोडून.

पुढच्या वर्षीचं कीर्तन कमिटीने एकमताने पास केलं. ठराव मांडला मधुकरने! बुवांच्या तारखेसाठी मी पत्र घातलं, आणि भीतभीत लिहिलं की पूर्वरंगाला दुसरा दृष्टांत घेतलात तर बरं. बुवांचं उलट टपाली उत्तर आलं, की अलिबागला तो दोनदा सांगावा लागला, आता तो माझ्याही हातात राहिलेला नाही.

परवा पनवेलला बुवांचं कीर्तन होतं. न जाऊन कसं चालेल? मागच्या रांगेत खांबाआड बसलो. बुवांनी गाडी सुरू केली, वास आला, म्हैस आडवी गेली. लोक लोटपोट. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ हसून हसून ठसक्याने लाल झाले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "काय हो, अशी माणसं खरंच असतात का?"

"छे छे!" मी म्हणालो. "दृष्टांत असतात ते."